लागलं की या

शनिवारी सकाळी दहाच्या आत माझा फोन वाजला की समजायचं, एक तर क्लायंटचा सर्व्हर झोपलाय, नाहीतर बार्शीहून मामांचा फोन आहे. २०२५च्या फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी मामा होते.

"अरे ऐक, हितल्या डॉक्टरनी कायतरी क्रेटिन म्हणून तपासलंय. साडेतीन का छत्तीस आलंय. किडनीच्या डॉक्टरला दाखवा म्हणतेत. तुझ्या त्या कंप्युटरात बघ की, आपल्या कार्डावर कोण बघतंय का."

रिपोर्टचा फोटो मागवला. क्रिएटिनिन ३.६. साधारण १.३च्या आत असायला हवं. वय आणि क्रिएटिनिन टाकलं की किडनी किती काम करतेय याचा अंदाज देणारं एक सूत्र आहे, ईजीएफआर म्हणतात त्या आकड्याला. मामांचं वय ५७. उत्तर आलं १९. शंभराच्या आसपास असावं अशा गोष्टीचे १९ उरलेत. मी दोनदा आकडे तपासून पाहिले (सवय हो, दुसरं काय).

मामांची पिठाची गिरणी आहे. दहा-बारा वर्षांचा मधुमेह, जोडीला बीपी, आणि दिवसभर उभं राहून गुडघे धरतात म्हणून मेडिकलवाल्याकडून मागून खाल्लेल्या पेनकिलर. किडनी बिघडवायला यातलं एकही पुरतं, मामांकडे तिन्ही होती. दुखत मात्र काहीच नव्हतं. किडनीचं हेच वाईट, बिचारी अगदी शेवटापर्यंत तक्रारच करत नाही.

मला वाटलं, हे तासाभराचं काम आहे. केशरी रेशनकार्ड आहे, आयुष्मान कार्ड काढलेलं आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे (२०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं), २०२०पासून ती केंद्राच्या योजनेशी जोडलेली आहे. जुलै २०२४पासून तर रेशनकार्डाचा रंग न बघता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण. यादीत डायलिसिस आहे, फिस्टुलाचं ऑपरेशन आहे, किडनी प्रत्यारोपणही आहे. संकेतस्थळावर जिल्हा निवडा, विभाग निवडा, हॉस्पिटलांची यादी समोर. पुणे निवडलं, नेफ्रॉलॉजी निवडलं. चहा संपायच्या आत यादी एक्सेलमध्ये उतरवली आणि मामांना फोन करून सांगितलं, "मामा, काळजी करू नका. भरपूर आहेत."

हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा आठवलं.

सोमवारपासून लंच टाइममध्ये फोन करायला लागलो. पहिल्या ठिकाणी रिसेप्शनिस्ट म्हणाली, योजना आहे, पण किडनीचे डॉक्टर व्हिजिटिंग आहेत, मंगळवारी आणि शुक्रवारी येतात, आणि त्यांची ओपीडी योजनेत नाही. दुसऱ्या ठिकाणी फोन कुणी उचललाच नाही. तिसऱ्या ठिकाणी नेफ्रॉलॉजी म्हणजे डायलिसिसची चार यंत्रं, "डॉक्टर लागले तर बोलावतो." चौथ्या ठिकाणी मुळात योजनेच्या खाटाच भरलेल्या. पाचव्या ठिकाणी माणूस फार सज्जन होता, त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेशंट अ‍ॅडमिट करायचाय का?" मी म्हणालो, नाही, चालते-बोलते आहेत, फक्त डॉक्टरांना दाखवायचंय. "मग योजनेत कशाला येताय?"

असे सतरा फोन झाले. माझ्या एक्सेलमध्ये 'उत्तर' नावाचा रकाना होता, त्यात वेगवेगळ्या शब्दांत एकच उत्तर जमा होत गेलं. हॉटेल शोधताना फिल्टर लावायचे आणि वर येईल तिथे जाऊन जेवायचं, या सवयीचा मी माणूस. यादीत नाव आहे म्हणजे गोष्ट मिळते, असं मी धरून चाललो होतो. डेटाबेसमध्ये रो आहे म्हणून दुकानात माल असतोच असं नाही, हे खरं तर माझ्याइतकं कुणाला माहीत असायला हवं!

शेवटी एक दिवस हाफ-डे टाकून एका मोठ्या हॉस्पिटलातल्या योजनेच्या खिडकीवर जाऊन उभा राहिलो. तिथे आरोग्यमित्र बसतात. कागदपत्रं तपासणं, मंजुरीसाठी केस पाठवणं हे त्यांचं काम. माझ्याच वयाचा मुलगा होता. समोर रांग, हातात दोन फोन, तरीही त्याने मामांचा रिपोर्ट शांतपणे पाहिला.

"सर, एक सांगू का? योजनेत डॉक्टर नसतो. योजनेत पॅकेज असतं. पॅकेज कशाचं टाकू मी यांना? अजून डायलिसिस लागलं नाही ना?"

"नाही."

"मग लागलं की या. आमचे इथं लगेच होतंय."

तो हे चेष्टेने म्हणाला नाही, आणि निगरगट्टपणेही नाही. खरंच मदत म्हणून म्हणाला. म्हणूनच ते वाक्य डोक्यातून जाईना.

तर सांगायचा मुद्दा असा. 'सरकारी विमा घेणारा किडनीचा डॉक्टर कुठे मिळेल' हा आपला प्रश्नच चुकीच्या ठिकाणी बसलेला आहे. योजना डॉक्टरला जोडून घेत नाही, हॉस्पिटलला घेते. आणि हॉस्पिटलला पैसे मिळतात ते ठरलेल्या प्रक्रियेचे. ऑपरेशन केलं, इतके. डायलिसिस केलं, इतके. दाखल होण्याआधीचे थोडे दिवस, घरी सोडल्यानंतरचे थोडे दिवस हे त्या पॅकेजमध्ये धरलेले असतात. पण महिन्या-दोन महिन्यांनी जाऊन डॉक्टरसमोर बसायचं, त्याने रिपोर्ट पाहायचे, एक गोळी कमी करायची, एक वाढवायची, 'हे खाऊ नका' म्हणून दटावायचं, याला कुठलंच पॅकेज नाही. हे म्हणजे ओपीडी. आणि ओपीडी योजनेच्या बाहेर.

अपेंडिक्स असतं तर मी हा लेख लिहिला नसता. पोटात दुखलं, दाखल झालो, कापलं, घरी आलो, पैसे योजनेने दिले, छान. त्या प्रकारच्या आजाराला ही रचना बरोबर बसते आणि माझ्या आत्याचं ऑपरेशन याच योजनेत एक रुपया न देता झालेलं आहे, ते मी विसरलेलो नाही. पण किडनीच्या जुनाट आजारात नेफ्रॉलॉजिस्टचं खरं काम दाखल व्हायच्या आधीच असतं. ईजीएफआर ३०च्या खाली गेला की किडनीतज्ज्ञाकडे पाठवा, असं जगभर मानल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचना सांगतात. १५च्या खाली गेला की पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा. या दोन आकड्यांच्या मध्ये कुणाची दोन-चार वर्षंही निघू शकतात, कुणाचे काही महिनेच. बीपी आटोक्यात ठेवलं, लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करणारी औषधं दिली, पेनकिलर बंद केल्या, साखर सांभाळली, तर ही घसरण हळू होते. हिमोग्लोबिन उतरलं तर इंजेक्शनं लागतात. पोटॅशियम वाढलं तर आहार बदलावा लागतो. हे सगळं ओपीडीतलं काम!

आणि हात. हा हाताचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता, आणि मला वाटतं वाचणाऱ्यांपैकी फार जणांना नसेल. डायलिसिस करायचं तर शरीरातून भरपूर वेगाने रक्त बाहेर काढून परत आत सोडावं लागतं. साध्या शिरेला ते झेपत नाही. म्हणून हाताची शीर रोहिणीला जोडून देतात, त्याला फिस्टुला म्हणतात. जोडल्यावर ती शीर जाड आणि मजबूत व्हायला काही आठवडे जावे लागतात, कधीकधी दोन-तीन महिने. म्हणून तो डायलिसिस लागायच्या आधी करून ठेवायचा असतो, शक्यतो ज्या हाताने आपण काम करत नाही त्या हातावर. आणि तोपर्यंत त्या हाताच्या शिरा जपायच्या. त्या हातातून रक्त काढायचं नाही, सलाइन लावायचं नाही. हे वेळेवर झालं नाही तर मानेत नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागतं, आणि त्या नळीतून जंतुसंसर्गाचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त.

फिस्टुला योजनेत आहे. पण तो आता करा असं सांगणारा माणूस योजनेत नाही. मौज आहे की नाही!

ऑफिसमध्ये एका मित्राशी यावर वाद झाला (तो टेस्टिंगमध्ये आहे, शंका काढण्याचाच पगार घेतो). त्याचं म्हणणं, ओपीडी योजनेत घेतली तर उद्या लोक सर्दीला सुपरस्पेशालिस्ट मागतील, आणि हॉस्पिटलं न आलेल्या पेशंटची बिलं लावतील. दाखल झालेला पेशंट मोजता येतो, ओपीडीतला कसा मोजणार? शिवाय आपल्या कंपनीच्या पॉलिसीत तरी ओपीडी कुठे आहे?

मुद्दे बरोबर आहेत. कंपनीच्या पॉलिसीत खरंच नाही. फरक इतकाच की मला डॉक्टरची फी, तपासण्या आणि महिन्याची औषधं खिशातून देता येतात, आणि डॉक्टर माझ्या घरापासून चार किलोमीटरवर आहे. मामांना पुण्यात यायचं म्हणजे एसटीत पाच तास, सोबत मामी (त्यांना २०२३पासून अर्धं तिकीट, तेवढंच सुख), गिरणी दोन दिवस बंद आणि वर फी, तपासण्या, औषधं. एकदा करतील. दोनदा करतील. तिसऱ्यांदा म्हणतील, "बरं वाटतंय की आता, कशाला जायचं?" आणि किडनी, मघाशी म्हटलं तसं, तक्रार करत नाहीच.

राहिला मोजण्याचा प्रश्न. सर्दीचं मी मान्य करतो. पण किडनीचा जुनाट आजार ही काही मोघम गोष्ट नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ किडनीचं काम कमी दिसलं, तर त्याला जुनाट म्हणायचं, अशी त्याची व्याख्याच आहे. म्हणजे तीन महिन्यांच्या अंतराने केलेले क्रिएटिनिनचे दोन रिपोर्ट आणि ईजीएफआर ३०च्या खाली, एवढी अट घाला. त्या माणसाला वर्षाला सहा-आठ ओपीडी भेटी आणि ठरावीक औषधं योजनेतून द्या. हा नियम कोडमध्ये लिहायला मला एक संध्याकाळ लागेल, आणि ती संध्याकाळही बरीचशी भजी खाण्यात जाईल. भेट झाली की नाही हे तपासायला रक्ताचा नवा रिपोर्ट पुरे. शिवाय हिशेब बघा. डायलिसिस आठवड्याला तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा, दर वेळी चार तास यंत्राला जोडलेलं राहायचं. तो खर्च सरकार कुरकुर न करता उचलतं. त्याआधीच्या सहा-आठ भेटींचा उचलत नाही. आमच्याकडे डिझाइनमध्ये सापडलेली चूक आणि प्रॉडक्शनमध्ये सापडलेली चूक यांच्या खर्चातला फरक नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

डॉक्टरांना शिव्या घालण्यात मात्र मला रस नाही. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, मग डीएम तीन. या मधल्या प्रवेशपरीक्षांची वर्षं वेगळीच. एवढं करून झालेले नेफ्रॉलॉजिस्ट मुळात थोडे, आणि ते जिथे प्रत्यारोपणाची सोय आहे त्या मोठ्या शहरांत राहणार हे उघड आहे. योजनेचे दर कमी पडतात, पैसे उशिरा येतात, ही हॉस्पिटलांची तक्रार जुनी आहे. २०१६च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रं गेली, हे मोठंच काम झालं. यंत्र ट्रकमधून पाठवता येतं. डॉक्टर कसा पाठवणार? पण त्याचा वेळ पाठवता येतो. ई-संजीवनी ही सरकारी टेलिमेडिसिन सेवा २०१९पासून आहे. पहिली भेट समोरासमोर, पुढच्या मधल्या भेटी तालुक्याच्या फिजिशियनसमोर बसून व्हिडिओवर, असं योजनेनेच ठरवलं तर मामांच्या वर्षातल्या पाच-सहा एसटी वाचतील. रोज सकाळी व्हिडिओवर मीटिंग करून अख्खा प्रोजेक्ट चालवणारी आपली जमात, आपल्याला हे अशक्य वाटायचं कारण नाही.

आणि तोपर्यंत निदान ती यादी तरी खरी बोलू दे. हॉस्पिटलच्या नावापुढे नेफ्रॉलॉजी एवढंच न लिहिता, किडनीतज्ज्ञ पूर्णवेळ आहे की येऊन-जाऊन, कुठल्या वारी असतो, ओपीडीची फी किती, आणि प्रत्यारोपण होतं की फक्त डायलिसिस, हे चार रकाने. यासाठी कायदा बदलायला नको, बजेटही नको.

आमचं काम शेवटी कसं झालं तेही सांगतो, कारण कुणाच्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडेल. एका धर्मादाय हॉस्पिटलच्या आवारात चहाच्या टपरीवर एका बाईंनी सांगितलं, "योजनेच्या खिडकीला नका जाऊ, समाजसेवा विभागात जा." धर्मादाय न्यासाच्या मोठ्या हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या आदेशाने लागू आहे. त्यासाठी आमदारांचं पत्र लागत नाही, उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेविका मॅडमनी कागद पाहिले, ओपीडीची फी कमी करून दिली आणि किडनीच्या डॉक्टरांचा वार लिहून दिला. सतरा फोनमध्ये न झालेलं काम वीस मिनिटांत. सरकारी मेडिकल कॉलेजची ओपीडी हा दुसरा रस्ता. तिथेही आधी फोन न करता जाऊन, नेफ्रॉलॉजीचा वार विचारून घ्यावा.

पण या सगळ्यात अकरा आठवडे गेले. माझे फोन, मामांचा उत्पन्नाचा दाखला, मधे एक लग्न, एकदा ताप येऊन मामांना बार्शीतच तीन दिवस सलाइन. डॉक्टरांनी नवा रिपोर्ट पाहिला. क्रिएटिनिन ५.१, ईजीएफआर १२. मग दोन्ही हात पाहिले, पट्टा बांधून, बोटांनी शिरा दाबत बराच वेळ.

"डाव्या हाताला सलाइन लावलं होतं का?"

मामी म्हणाल्या, "हो, तीन दिवस. सारखी सुई बदलत हुते."

सोनोग्राफी झाली. डाव्या हाताच्या शिरा कामाच्या राहिल्या नव्हत्या. फिस्टुला उजव्या हातावर झाला, योजनेतून, एक रुपयाही न लागता. तो आरोग्यमित्र खरंच बोलला होता, लगेच झालं. आता त्या हाताने वजन उचलायचं नाही. गिरणीत पोती उजव्या हातानेच ओढायची चाळीस वर्षांची सवय.

परवा बार्शीला गेलो होतो. मामांनी हाताला हात लावून दाखवला, शिरेत घरघर लागते, मांजराच्या पोटाला हात लावल्यासारखी. ती लागतेय का हे रोज सकाळी बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. डायलिसिस अजून लागलेलं नाही. औषधं नियमित आहेत, पेनकिलर बंद आहेत, पोती ओढायला एक पोरगा ठेवलाय, त्याचा पगार मात्र मामांना फार टोचतो. माझ्या एक्सेलच्या प्रिंटआउटची घडी गिरणीतल्या गणपतीच्या फोटोमागे खोचलेली दिसली. त्यावर मामांनी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, दोन नवी नावं लिहून ठेवली होती.

"ही कोण?" मी विचारलं.

"गिऱ्हाईकं हायेत. त्यांचं पण क्रेटिन वाढलंय. तुला फोन करायला सांगू का शनिवारी?"

"सांगा," म्हटलं. "दहाच्या आधी केला तरी चालेल."